थंडीत तान्ह्या बाळाला रात्री किती पांघरायचं?

गोदाकाठची

नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. इथल्या थंडीची ओळख करून द्यायला नको. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि लोक द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून बसतात. आमची लेक सव्वा महिन्याची आहे. पूर्ण दिवसांची, जन्मवजन २ किलो ८०० ग्रॅम, अंगावर पिते, वजन छान वाढतंय. दिवसा काही त्रास नाही. प्रश्न सगळा रात्रीचा.

रात्री तिचे हातपाय गार लागतात. सासूबाई मग झबल्यावर स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, टोपरं, हातमोजे, पायमोजे घालून दुपट्यात गच्च बांधतात आणि वरून गोधडी घालतात. तरी हात गारच. उलट मानेखाली हात घातला तर ओलसर लागतं, गाल लाल होतात, ती किरकिरत राहते. डॉक्टर म्हणाले, एवढं घालू नका. पण मग किती घालायचं, ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांच्या दवाखान्यात काचा लावलेल्या आहेत, आपल्या पत्र्याच्या घरात येऊन बघा म्हणावं. मला दोघांचंही पटतं, म्हणून अडचण.

दुसरं, खोलीत रात्रभर शेगडी ठेवावी असा घरात आग्रह आहे. थंडीसाठी खिडक्यांना प्लास्टिक लावून घेतलंय. आणि तिसरं, मांडीवर गाढ झोपली म्हणून खाली ठेवावं, तर पाठ टेकताच जागी. रात्रभर हेच चालू असतं. अनुभवी मंडळींनी सांगावं.

रात्रपाळी

गोदाकाठची, तुम्हाला आणि लेकीला खूप शुभेच्छा. मी सरकारी रुग्णालयात नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको म्हणजे नको. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, गुंगीतच तो बेशुद्ध होतो. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असतो, त्यामुळे तो वायू त्याच्या अंगात लवकर भिनतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही. वर राख धरलेले निखारेही वायू सोडत असतात. खिडक्यांना प्लास्टिक लावलंय म्हणता, तर तुमच्याकडे हा धोका दुप्पट धरा. तुम्हाला कंबरेला शेक घ्यायचा असेल तर दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून घ्या, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतर शेगडी अंगणात नेऊन ठेवा.

आता हातपाय. बाळाला ऊब आहे की नाही हे थर मोजून कळत नाही, हात लावून कळतं. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला किंवा छातीला लावा, मग तळपायाला. आम्ही वॉर्डात प्रत्येक आईला हेच शिकवतो. पोट गरम आणि तळपायही कोमट, गुलाबी असतील तर बाळ छान आहे, त्याला हात लावू नका. पोट गरम पण तळपाय गार, तर बाळ ऊब टिकवायला धडपडतंय. तेव्हा पायमोजे आणि एक पातळ थर वाढवा, किंवा छातीशी घ्या आणि थोड्या वेळाने पुन्हा हात लावा. पोट आणि पाय दोन्ही गार, तर मात्र थांबायचं नाही. ताबडतोब अंगाशी अंग लावून घ्या, पाजा, थर्मामीटर लावा.

आणि मान ओली, छाती तापलेली, गाल लाल, तर एक थर काढा. तुमच्या लेकीचं हेच चाललंय. हात तेवढे गार आणि मान घामेजलेली म्हणजे तिला थंडी वाजत नाहीये, ती उकडतेय. हाताचे पंजे या वयात गार असतातच, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

टोरांटोहून

रात्रपाळी, माहितीबद्दल आभार. एक शंका. आमच्याकडच्या नर्सने सांगितलं होतं की हात आणि पाय दोन्ही बघूच नका, फक्त मान आणि छाती बघा. तुम्ही तळपाय बघायला सांगताय. यातलं बरोबर काय?

रात्रपाळी

दोन्ही बरोबर आहे. तुमच्या घरात हीटिंग आहे, खोली कायम २० अंशांच्या आसपास असणार. तिथे बाळ गारठण्यापेक्षा जास्त गुंडाळल्याने तापण्याची भीती मोठी, म्हणून तिथल्या नर्स गार पायांकडे लक्ष देऊ नका म्हणतात. निफाडच्या पत्र्याच्या घरात पहाटे खोलीतच दहा-बारा अंश असू शकतात. शिवाय आमच्याकडे कमी वजनाची बाळं खूप येतात. गारठ्याची पहिली खूण त्यांच्या तळपायांवर दिसते, पोट गार पडेपर्यंत वाट बघितली तर उशीर होतो.

थोडं कारणही सांगते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्यातून उष्णता तयार होते. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेशी, दोन खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी रंगाची चरबी असते, ती जाळून ते ऊब आणतं. त्यात साखर आणि प्राणवायू दोन्ही खर्च होतात. म्हणून गारठलेलं बाळ मलूल होतं, ओढून पीत नाही, आणि पीत नाही म्हणून आणखी गारठतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबी फारच थोडी असते.

शेवंताबाई

मी आजी आहे. माझ्या हाताखाली माझी चार आणि सुनांची-लेकींची मुलं वाढली, म्हणून लिहावंसं वाटलं.

शेगडीबद्दल रात्रपाळीताई बोलल्या ते सोळा आणे खरं. आमच्या वेळी बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असायचीच, ओव्या-बाळंतशेपांची धुरीही असायची. पण आमचं घर कौलारू, भिंतीच्या वर आणि आढ्याला हातभर फटी, दारं फळ्यांची. धूर आणि वायू वर निघून जायचा. आता सरकत्या काचा, रबरी पट्ट्या, खिडक्यांना प्लास्टिक. शेगडी तीच असली तरी घर ते राहिलं नाही. तुमच्या सासूबाईंना हे असं सांगून बघा. त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं खोटं ठरत नाही आणि त्या ऐकतीलही. धुरीचंही तसंच. त्या धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो, ती नाही दिली तरी काही अडत नाही.

आता दुपट्याचं. जुनं सुती लुगडं किंवा धोतर धुऊन मऊ झालेलं असेल तर त्याचं दोन पदरी दुपटं शिवा. नवं कापड टोचतं आणि घाम शोषत नाही. जाड एका कपड्यापेक्षा पातळ दोन बरे, कारण मध्ये हवा राहते आणि एक काढता येतो. दोन स्वेटरांपेक्षा अंगाला सुती झबलं, त्यावर एकच मऊ स्वेटर, पायात मोजे आणि दुपटं.

बांधताना खांद्यापासून कंबरेपर्यंत बेताचं आवळा, कंबरेखाली सैल ठेवा. पाय सरळ ओढून जुडी बांधल्यासारखं बांधायचं नाही. गुडघे वाकून बेडकासारखे बाहेर पडले पाहिजेत. आणि कुंची ही बाळाला बाहेर न्यायची वस्तू. झोपवताना ती काढून ठेवावी, तोंडावर सरकते.

मूठभर_सायली

शेवंताबाई, पायांबद्दल पूर्ण अनुमोदन. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळाचा खुबा जन्मतः कच्चा असतो, मांडीचं हाड खोबणीत नीट बसायला पाय वाकलेले आणि फाकलेले असावे लागतात. जपानमध्ये १९७५च्या सुमारास बाळांचे पाय सरळ बांधू नयेत अशी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण तिथे एकदम खाली आलं. आपल्याकडे कडेवर घ्यायची पद्धत आहे, बाळाचे पाय आईच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंना येतात, ते खुब्याला उत्तम. दिवसा कडेवर आणि रात्री पाय करकचून बांधलेले, असं होऊ देऊ नका.

गोदाकाठची

किती मनापासून लिहिताय सगळे. काल रात्री एक स्वेटर काढला, हातमोजे काढले. मान कोरडी होती, पोट गरम, तळपाय कोमट. सासूबाईंनी स्वतः हात लावून बघितलं. रात्रपाळीताई, थर्मामीटर कुठे लावायचा आणि किती ताप म्हणजे ताप?

रात्रपाळी

साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. काखेत, टोक नीट खड्ड्यात बसेल असा धरा, हात अंगाशी दाबून ठेवा, बीप वाजेपर्यंत हलवू नका. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. ९७.७च्या खाली गेलं तर अंगाशी घेऊन ऊब द्या, पाजा आणि तासाभराने पुन्हा बघा. वर येत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. ९५.९च्या खाली असेल तर तासभरही थांबू नका, वाटेतही बाळ छातीशीच ठेवून न्या.

९९.५च्या वर गेलं तर आधी कपडे कमी करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी उतरत नसेल तर दाखवून घ्या. १००.४ झाला तर मोजत बसायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप ही कायम तातडीची गोष्ट, मग रात्रीचे किती का वाजलेले असोत. आणि थर्मामीटर काहीही दाखवो, बाळ पीत नसेल, मलूल असेल, श्वास मिनिटाला साठाच्या वर जात असेल किंवा श्वास घेताना छातीखाली खड्डा पडत असेल, तर निघायचं.

सासूबाईंनी हात लावून बघितला हे सगळ्यात छान केलंत. थर्मामीटरही त्यांच्याच हातात द्या. रात्रीची तपासणी त्यांची.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात काम करते. गोदाकाठची, तुमची लेक सव्वा महिन्याची म्हणजे आशाताईंची बेचाळिसाव्या दिवसाची भेट बहुतेक अजून व्हायची असेल. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं असतं. त्यांच्याकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. हे सगळे प्रश्न त्यांना विचारा, त्या तुमच्या घरात बसून, तुमच्या खोलीची थंडी बघून सांगतील.

या भेटींचं मूळ आमच्याच जिल्ह्यात आहे, म्हणून अभिमानाने सांगते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ कोरडं करणं, ऊब देणं, लवकर पाजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११पासून देशभरातल्या आशाताई हेच काम घरोघरी करतात. इनक्युबेटर नसलेल्या झोपडीत हे झालं, यातच ऊब देणं किती मोठं काम आहे ते कळतं.

पिंपळपान

हा धागा वाचून राहवलं नाही. माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, १ किलो ६०० ग्रॅमचा. पेटीतून बाहेर काढल्यावर सिस्टरनी त्याला फक्त लंगोट, टोपरं आणि मोजे घालून माझ्या उघड्या छातीवर उभा ठेवला. हातपाय बेडकासारखे, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी किंचित वर. वरून रुंद सुती पट्टा बांधला आणि त्यावर माझा गाऊन. मला भीती वाटत होती की हा गुदमरेल. पण थोड्या वेळात त्याचा श्वास संथ झाला, कपाळावरच्या आठ्या गेल्या. मॉनिटरवर जे आकडे दिवसभर वरखाली व्हायचे ते स्थिर झाले. माझ्या अंगाला त्याच्या श्वासाची लय लागायची.

मी थकले की नवरा शर्ट काढून आरामखुर्चीत बसायचा. वडिलांच्या छातीवरही बाळाचं तापमान तितकंच छान टिकतं. घरी आल्यावरही वजन अडीच किलो होईपर्यंत आम्ही पाळीपाळीने हेच केलं. कमी वजनाचं बाळ असलेल्या कुणालाही माझं कळकळीचं सांगणं आहे, वॉर्डात तुम्हाला बाळ छातीशी देत नसतील तर मागून घ्या.

रात्रपाळी

पिंपळपान, डोळ्यांत पाणी आणलंत. याला आम्ही कांगारू पद्धत म्हणतो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रेय सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण तिथे बाळं जास्त आणि इनक्युबेटर कमी होते. आता जागतिक आरोग्य संघटना तिला पर्याय मानत नाही, पहिला उपचार मानते. २०२१मध्ये आलेल्या पाच देशांच्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, जन्मल्यावर लगेच कांगारू सुरू केलेल्या छोट्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर २०२२मध्ये संघटनेने दिवसातून ८ ते २४ तास छातीशी ठेवा असं सांगितलं.

पूर्ण दिवसांच्या बाळालाही याचा तितकाच आधार असतो. गोदाकाठची, थंडीच्या रात्री लेक शांतच होत नसेल तर दोन स्वेटर चढवण्याऐवजी तिला तुमच्या पोलक्याच्या आत घ्या, वर शाल. फक्त एक अट. घेणारा माणूस जागा हवा. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं ही फार धोक्याची गोष्ट आहे. पेंग यायला लागली की दुसऱ्याला द्या.

डोळा_लागेना

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहिते, माझी जुळी असल्याने यात मुरलेली आहे.

मांडीवरून खाली ठेवताच जागं होण्याचं एक कारण म्हणजे गादीचा गारवा. आईच्या अंगाची ऊब आणि एकदम थंडगार चादर. बाळाला पाजत असतानाच तिच्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवा. ठेवायच्या आधी ती काढा, हाताने चादर चाचपून बघा, कोमट हवी, गरम नको. पिशवी बाळाजवळ कधीच राहू द्यायची नाही, बूच गळून किंवा नुसतं टेकूनही तान्ह्याची कातडी भाजते.

मग ठेवताना आधी पाय, मग ढुंगण, मग पाठ आणि सगळ्यात शेवटी डोकं. उलटं केलं, डोकं आधी टेकवलं, की पडल्यासारखं वाटून बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. ते दचकणं चार-सहा महिन्यांपर्यंत असतंच. खाली ठेवल्यावर लगेच हात काढू नका. एक हात छातीवर, एक पायांवर, जरा वेळ तसाच. मग एकेक उचला.

आणि रात्री हूं-चूं केलं की लगेच उचलू नका. तान्ही बाळं झोपेतच कण्हतात, तोंड वेडंवाकडं करतात, हातपाय हलवतात, डोळेही किलकिले करतात. ती जागी नसतात. मी सुरुवातीला प्रत्येक आवाजाला दिवा लावायचे. नंतर मनात श्लोक म्हणायला लागले, तो संपेपर्यंत थांबायचं. बरेचदा तेवढ्यात परत शांत. खरी भूक असेल तर ती मुठी चोखते, तोंड फिरवून शोधते, तेव्हा रडण्याआधीच घ्या.

गोदाकाठची

पिशवीचं आजच करून बघते. पण संध्याकाळी सातनंतर ती दोन तास नुसती रडते, कशानेच राहत नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात जायफळ उगाळून चाटव, निवांत झोपेल.

रात्रपाळी

जायफळ नको. थोड्या जायफळाने गुंगी येते हे खरं, पण तान्ह्याला थोडं म्हणजे किती हे सहाणेवर कुणालाच मोजता येत नाही. जास्त झालं तर बाळ सुस्त होतं, पीत नाही, श्वासावरही परिणाम होतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीही नाही, मधाचं बोटही नाही.

संध्याकाळचं रडणं या वयात वाढतंच. साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वात जास्त असतं, मग तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं. लेक पोटभर पितेय, वजन वाढतंय, ताप नाही, तर काही बिघडलेलं नाही. खांद्यावर उभी धरून फिरा, दिवे मंद करा, घरातल्या टीव्हीचा आवाज बंद करा, एकच अंगाई पुन्हा पुन्हा म्हणा. फार असह्य झालं तर तिला पाळण्यात ठेवून दोन मिनिटं ओसरीवर जाऊन या किंवा सासूबाईंकडे द्या. कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, त्याने मेंदूला इजा होते.

दिवसाउजेडी पडदे उघडे ठेवा, घरातले आवाज चालू द्या. रात्री पाजताना, लंगोट बदलताना बोलू नका, मोठा दिवा लावू नका. दोन-तीन महिन्यांत तिची तिलाच रात्र कळायला लागेल.

सागरगोटा

आमच्या रत्नागिरीत कसली थंडी, पण इथेही बाळांना स्वेटर-टोपऱ्यात बघून जीव तुटतो. बाळंतीण आहे म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, बाळ घामोळ्यांनी लालबुंद. उकाड्यात रडणाऱ्या बाळाला गॅस झालाय म्हणून औषधं पाजतात. दमट हवेत एक सुती झबलं आणि लंगोट पुरे. पंखा मंद, थेट अंगावर न येणारा चालतो. वर मच्छरदाणी. सगळ्यांना नियम एकच सांगते. आपण त्या खोलीत अंगावर जेवढं घालून बसलोय, बाळाला त्यापेक्षा एक थर जास्त. आपण घामाघूम असू तर तोही नको.

टोरांटोहून

इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती निफाडलाही लागू आहे. झोपलेल्या बाळाच्या जवळ सुटं काही नाही. गोधडी नाही, उशी नाही, राई भरलेली उशी नाही, लोड नाही, खेळणं नाही. बाळ पाठीवरच झोपवायचं, कुशीवर किंवा पालथं नाही. ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला पाठीवर झोपवा अशी मोहीम झाली, आणि झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून कमी झाली. घरात झोपताना टोपीही काढायला सांगतात, कारण बाळ बरीचशी जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं.

पांघरुणाऐवजी आम्ही स्लीपिंग बॅग वापरतो, बिनबाह्यांची पिशवी, खांद्यावर बटणं, खाली बंद. लाथा मारून निघत नाही, तोंडावर येत नाही. बाहेर उणे वीस असताना आत एक बनियन, पूर्ण बाह्यांचा सुती सूट आणि बॅग, बास.

शेवंताबाई

टोपी काढा हे आमच्या पिढीला पटायला जड जाईल हो. पत्र्याखाली पहाटे पाचला टाळू उघडी ठेवायची?

रात्रपाळी

शेवंताबाई, तुमची काळजी रास्त आहे. उबदार घरात टोपी काढायची. गारठलेल्या खोलीत, किंवा बाळ कमी वजनाचं असेल तर, पातळ सुती आणि नीट बसणारं टोपरं राहू दे. बंद लांब, गळ्याशी आवळलेले नकोत, आणि लोकरीचं डोळ्यांवर उतरणारं तर नकोच. गोधडीच्या बाबतीत मात्र मी टोरांटोकरांच्या बाजूने. गोधडी बाळाच्या खाली घाला, वर नको. बाळ आईशेजारी झोपत असेल तर आईची रजईही त्याच्या अंगावर येऊ देऊ नका. घरात कुणी दारू किंवा झोपेची गोळी घेत असेल, विडी-सिगरेट ओढत असेल, किंवा बाळ दिवसांआधीचं असेल, तर शेजारी न घेता पाळणा खाटेला लावून ठेवा.

झोळीत रात्रभर ठेवू नका. कापडाच्या खोळीत मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते, तान्ह्याची श्वासनळी तेवढ्यानेही दबते. जागेपणी झोका द्या, झोपली की सपाट जागेवर ठेवा.

रानजाई

ट्रंकेतून काढलेल्या गरम कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या चुलतबहिणीच्या बाळाला घरातली जुनी दुलई आणि स्वेटर घातले, त्यांना डांबरगोळ्यांचा उग्र वास होता. दोन दिवसांत बाळ पिवळंधमक. दवाखान्यात कळलं की त्याला जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता आहे. अशा बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थॅलिनच्या नुसत्या वासाने फुटतात आणि कावीळ एकदम चढते. बाळ वाचलं, पण फार कठीण दिवस होते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून डांबरगोळीत ठेवलेलं काहीही बाळासाठी वापरू नका. कापराच्या पुरचुंड्या उशाशी बांधू नका, छातीला कापराचं तेल किंवा बामही चोळू नका.

गोदाकाठची

बापरे, आमची गोधडी त्याच ट्रंकेतली आहे. आज ती बाहेर काढली. शेगडीही बंद झाली, शेवंताबाईंनी सांगितलं तसं कौलांचं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, हो, आमच्या माहेरीही तसंच होतं. तेल भरलेला हीटर घ्यावा का?

रात्रपाळी

घ्या, तो ज्वाळेवर चालत नाही आणि हवेतला प्राणवायू खात नाही. बाळापासून लांब ठेवा, वर कपडे वाळत घालू नका, झोपायच्या आधी खोली उबदार करून मग बंद केला तरी चालतो. खिडकीच्या प्लास्टिकला एका कोपऱ्यात फट ठेवा. आणि रात्री ओला लंगोट अंगावर राहिला तर सगळी मेहनत वाया, ओलाव्यावाटे ऊब भराभर जाते. आंघोळ आणि मालिश पहाटे नको, उन्हं वर आल्यावर करा, आणि बादलीतून काढल्याबरोबर आधी डोकं पुसा.

पाचगणीकर

माझा मुलगा चार महिन्यांचा, परवापासून कुशीवर वळायला लागलाय. दुपट्यात बांधल्याशिवाय झोपत नाही. कधीपर्यंत बांधायचं?

रात्रपाळी

वळायला लागला म्हणजे आजपासून बंद. हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर तोंड मोकळं करायला त्याला हातांचा उपयोग करता येत नाही. आधी एक हात मोकळा ठेवून दोन-तीन रात्री बघू, असंही करू नका. पाचगणीच्या थंडीला टोरांटोकरांनी सांगितली तशी, पण दोन पदरी पिशवी घाला.

पाचगणीकर

बाजारातल्या पिशव्या मोठ्या होतात. घरी शिवायची तर माप काय घ्यावं?

शेवंताबाई

बाळाला आडवं ठेवून खांद्यापासून टाचेपर्यंत मोजा आणि वर चार बोटं जास्त घ्या, म्हणजे पाय वाकवायला जागा राहते. खालचा घेर वरच्यापेक्षा बराच मोठा ठेवा, गुडघे फाकता आले पाहिजेत. बाह्या नकोत, पण काखेचा खड्डा घट्टही नको. गळा सगळ्यात महत्त्वाचा. बटणं लावल्यावर तुमची दोन बोटं जातील एवढाच, त्यातून बाळाचं डोकं आत सरकता कामा नये. बटणं खांद्यावर, दुहेरी दोऱ्याने, ओढून बघा. कापड जुन्या सुती साडीचं, आतून फ्लॅनेलचा एक पदर. नाड्या कुठेच लावू नका. शिवल्यावर दोनदा धुऊन मग घाला.